नाव कोरलेलं पदक मोडीत आलं तर

लातूरच्या गंजगोलाईजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं, पस्तीस वर्षं मी गल्ल्यावर बसलो, आता मुलगा बसतो. या धंद्यात नवं भांडं विकण्याइतकंच मोड घेणं असतं. फुटकी घागर, बूड गेलेला हंडा, पिचलेली परात; वजन करायचं, भाव सांगायचा, पोत्यात टाकायचं.

1993च्या 30 सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला आणि नोव्हेंबरपासून किल्लारी पट्ट्यातून मोडीची पोती यायला लागली. दगडमातीच्या घरांखालून काढलेली भांडी, सगळी चपटी. अशाच एका पोत्यात मधोमध दुमडलेला तांब्याचा पत्रा सापडला. झाकण असेल म्हणून उलगडला, तर आत अक्षरं. वर ‘श्री’, पुढे नाव, वडिलांचं नाव, आणि दुमड नेमकी आडनावावरून गेलेली. खाली इंदिरा गांधींचं नाव आणि 15 ऑगस्ट 1972 ही तारीख. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना दिलेलं ताम्रपत्र होतं ते. मागच्या बाजूला बरेच ओरखडे होते, ते मी ढिगाऱ्यातल्या दगडांचे समजलो.

तो पत्रा काही पोत्यात परत टाकवला नाही. तेव्हापासून दुकानात नेम आहे की नाव असलेली मानाची वस्तू वितळायला जाणार नाही. गेल्या तीस वर्षांत अशा बऱ्याच वस्तू हाताखालून गेल्या. काही घरी पोचल्या, काही अजून माझ्या पेटीत आहेत. हा नाद ज्यांना लागलाय किंवा ज्यांच्या हाती एखादं पदक अचानक आलंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिल्या दिवशी काय करायचं

घासायचं नाही. हे मी भांडेवाला म्हणून सांगतो. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीही लावायचं नाही. आंबट लावलं की तांबं लखलखतं, कारण वरचा थर निघून जातो, आणि पदकावरची अक्षरं त्या थराइतकीच उथळ असतात. सुरुवातीच्या काळात मी चांदीचं एक बिल्लं रांगोळीनं घासलं होतं. माणसाचं नाव होतं तिथे आता नुसती चमक आहे. ते बिल्लं मी अजून जपलंय, पण ते कुणाचं हे आता कधीच कळणार नाही.

मऊ सुती फडकं कोरडंच फिरवा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी अगदी आडवी धरा, जवळजवळ पदकाला टेकवून. उजेड समोरून पडला तर झिजलेलं अक्षर दिसत नाही, आडवा पडला की सावलीनं उठतं. कडेवर फिरवत फिरवत फोटो घ्या. मागची बाजू, कडी, रिबनीची पिन, डबी असेल तर डबीचं झाकण आतून, सगळं बघा. मागची बाजू मी पुन्हा पुन्हा का सांगतोय ते पुढे कळेल.

आणि त्याच दिवशी चोपडीत लिहून ठेवा: कुणाकडून आलं, कोणत्या तारखेला, पोतं कोणत्या गावचं, सोबत आणखी काय होतं. मोड आणणारा फेरीवाला पंधरा दिवसांनी विसरतो. ‘औशाकडचं पोतं’ एवढे दोन शब्द पुढे सहा महिन्यांची पायपीट वाचवतात.

आपल्या भागात काय काय निघतं

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथे इंग्रजी पदकं निघणार नाहीत असं पुष्कळांना वाटतं. निघतात. औरंगाबादला छावणी होती, मोमिनाबादला होती (म्हणजे आजचं अंबाजोगाई), आणि निजामाचं स्वतःचं टपालखातं, स्वतःची तिकिटं असली तरी इंग्रजांची पोस्टंही राज्यात चालायची. रेल्वे होती. या नोकऱ्यांतल्या माणसांची पदकं घरोघर ट्रंकेत पडून असतात.

सगळ्यांत जीव लावावा असं पदक म्हणजे इम्पिरियल सर्व्हिस मेडल. साहेबांचं नव्हे, पोस्टमन, लाइनमन, जमादार अशा खालच्या पायरीच्या सरकारी माणसाला लांब, निर्मळ नोकरीनंतर निवृत्तीच्या वेळी मिळायचं. 1902मध्ये सुरू झालं. 1920पर्यंत ताऱ्याच्या आकाराचं होतं, त्यानंतर गोल, चांदीचं, साधारण सव्वा इंचाचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला काम करून विसावलेला माणूस. रिबन लाल-निळी-लाल, तिन्ही पट्टे सारखे. गोल पदकाच्या कडेवर नाव असतं. याच्या याद्या लंडन गॅझेटमध्ये छापून यायच्या आणि ते गॅझेट आज इंटरनेटवर फुकट शोधता येतं. नाव टाकताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. आपल्या ‘विठ्ठल’चं इंग्रज कारकुनानं काय काय केलंय ते बघाल. डबल टी, सिंगल टी, एच गाळून, एच घालून, सगळं करून पाहा.

दुसरं, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं काशाच्या रंगाचं पदक, आठ टोकांच्या क्रुसाचं. प्रथमोपचाराची परीक्षा वर्षामागून वर्ष देणाऱ्याला मिळायचं. मागे नाव आणि क्रमांक कोरलेला. मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लाइनवर परभणी, पूर्णा, नांदेड इथली रेल्वेची माणसं ही परीक्षा द्यायची, म्हणून ही पदकं त्या बाजूला निघतात. सोबत रेल्वेचा एखादा बिल्ला असेल तर त्याची अक्षरं बघा. जुनी निजामाची रेल्वे ‘गॅरंटीड’ (सरकारनं नफ्याची हमी दिलेल्या कंपनीची) होती, 1930मध्ये निजाम सरकारनं ती ताब्यात घेतली. अक्षरांत ‘गॅरंटीड’चा ‘जी’ असेल तर माल त्याआधीचा.

रावसाहेब, रावबहादूर, खानसाहेब या किताबांचे बिल्ले 1911नंतरचे. मागे नाव आणि बहुधा तारीख असते. तारीख 1 जानेवारी किंवा जूनमधली राजाच्या वाढदिवसाची असली तर बिचकू नका, किताब त्याच दिवशी जाहीर व्हायचे.

आता जिथे फसाल ते. 1911च्या दिल्ली दरबाराचं पदक आणि कैसर-ए-हिंद ही दोन्ही नाव न घालता दिलेली पदकं आहेत. त्यावर नाव दिसलं तर ते नंतर घातलंय. घरच्यांनी हौसेनं घातलं असेल, विकणाऱ्यानं भाव वाढवायला घातलं असेल. इथे आमचा धंदा कामी येतो. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालणारा कारागीर आमच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. आधी छिन्नीनं ठिपक्या ठिपक्यांनी, पुढे मशीनवर. हातानं घातलेल्या नावात अक्षर वळणावर जाड होतं, ठिपके कमीजास्त खोल जातात. टांकसाळीत ठसे मारलेली अक्षरं सारख्या उंचीची, सारख्या खोलीची आणि तळाशी सपाट असतात. दहा रुपयांचं भिंग पुरतं. मात्र हातानं घातलेलं नाव म्हणजे खोटं, असंही लगेच ठरवू नका. अंबाजोगाईच्या एका दरबार पदकावर बायकोनं नवऱ्याचं नाव अगदी भांड्यावर घालतात तसं घालून घेतलं होतं, ‘कै.’ लावून. मला ते टांकसाळीच्या नावाइतकंच मोलाचं वाटतं.

आणि ताम्रपत्र. ते पदक नाही, छातीवर लावायचं नाही, पण मराठवाड्यात नाव असलेली मानाची वस्तू म्हणून सगळ्यांत जास्त तेच निघतं, आणि तांब्याचं असल्यामुळे सगळ्यांत जास्त तेच मोडीत जातं. एक ध्यानात ठेवा: ताम्रपत्र नाही म्हणून माणूस चळवळीत नव्हता असं होत नाही. केंद्राच्या पेन्शनसाठी साधारण सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची अट होती. निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहून भूमिगत काम केलेल्यांना मान्यता फार उशिरा मिळाली, कित्येकांना मिळालीच नाही.

नावावरून माणसापर्यंत

आपल्याकडचा माग तीन गोष्टींनी अडतो: लिपी, सन आणि जिल्हा.

निजामाच्या दफ्तराची भाषा उर्दू, गावपातळीवर मोडी. मला दोन्ही येत नव्हत्या. मोडी पन्नाशीत शिकलो. उर्दूसाठी आमच्या पेठेतल्या निवृत्त उर्दू मास्तरांकडे कागदाचा फोटो घेऊन जातो. ते घसटीचं अक्षरही वाचतात आणि चहाशिवाय काही घेत नाहीत. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

सन फसली. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्यानं सुरू होतं. इसवी सन काढायला आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांत फसली सनात 590 मिळवा, इस्फंदारपासून पुढे 591. म्हणजे खुर्दाद 1347 म्हणजे एप्रिल 1938च्या आसपास. हे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

जिल्ह्याचं तर विचारूच नका. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके 1956पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. ‘जिल्हा बिदर’ वाचून लोक कर्नाटकात शोधत बसतात आणि माणूस निघतो निलंग्याचा. लातूर जिल्हा 1982चा, जालना 1981चा, हिंगोली 1999चा. जुन्या कागदावरचा जिल्हा बघायचा, मग आजचा नकाशा. भूकंपात गावंच्या गावं नव्या जागी गेली, काही जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेली. तिथे जुना घर नंबर कामाचा नाही.

स्वातंत्र्यसैनिक असेल तर पहिली फेरी पंचायत समितीच्या आवारात. 1972च्या सुमारास तिथे दगडी स्तंभ उभे केले. एका बाजूला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या बाजूला तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. कित्येक ठिकाणी त्याला टेकून मोटारसायकली लावलेल्या असतात, काही नावांवर ऑइलपेंट चढलाय. पाण्याची बाटली आणि फडकं सोबत न्या. मग गॅझेटिअर विभागानं काढलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश, मग जिल्हाधिकारी कार्यालय. पेन्शनच्या फाइलीत माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली हकीकत असते, सोबतच्या कैद्यांची प्रमाणपत्रं असतात. निजामाच्या काळचं वरच्या खात्यांचं दफ्तर मात्र हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. तिथे जायचं तर चार दिवस काढून जा.

पोस्टमन असो की रेल्वेचा खलाशी, गावचा माणूस म्हटला की त्याचा कागद बहुधा तलाठ्याकडे असतो. माझी सगळी भिस्त एका कागदावर आहे: वारसा फेरफार. माणूस गेला की जमिनीला वारस लागतात. त्या नोंदीत मेल्याची तारीख, मुलगे, मुली, विधवा, सगळं एका जागी सापडतं. मुलीच्या नावापुढे ‘भ्र.’ आणि नवऱ्याचं नाव असलं की सासरचा पत्ता लागलाच म्हणून समजा. त्याआधीसाठी 1954चं खासरा पत्रक (जमीन कुणाच्या नावावर ते दाखवणारं), जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, शाळेसाठी प्रवेश-निर्गम रजिस्टर. कुणबी नोंदींच्या शोधात यातलं पुष्कळ दफ्तर अलीकडे बाहेर काढून स्कॅन केलं गेलं. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी बघा, मग तहसीलची पायरी चढा. ज्यांना जमीनच नव्हती त्यांचा माग अवघड असतो. तिथे त्र्यंबक, पैठणच्या उपाध्यांच्या वह्या बघा. घरातलं कुणी अस्थी घेऊन गेलं असेल तर पिढ्यांची नावं तिथे लिहिलेली असतात.

पारावरच्या म्हाताऱ्यांना मात्र कागदाच्या आधी विचारू नका, नंतर विचारा. आधी विचारलं की ते मन राखायला ‘हो, हो, तेच’ म्हणतात.

माझी चूक

नांदेडच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून सेंट जॉनचं पदक घेतलं. मागे एक आद्याक्षर, आडनाव, क्रमांक. पूर्णेला निवृत्त रेल्वेवाल्यांत विचारलं. दोन दिवसांत घर सापडलं. नातू म्हणाला, आमचे आजोबाच, लोकोशेडला होते, लोकांना पट्ट्या बांधायचे. मला भरून आलं. तिथल्या तिथे पदक देऊन आलो. त्यांनी ते देवघरात ठेवलं, मला टॉवेल-टोपी केली.

तीन महिन्यांनी परभणीहून निरोप आला. दुसरं घर, तेच आद्याक्षर, तेच आडनाव. त्यांच्याकडे पदकासोबतचा कागद होता, पिवळा पडलेला, आणि त्यावर तोच क्रमांक. पहिल्या घरी परत जाऊन ते मागून आणणं हे मी आयुष्यात केलेल्या कठीण कामांपैकी एक. त्या घरच्या काकू एक शब्द उणा बोलल्या नाहीत. पदकाला हळदकुंकू लावून, नारळासकट माझ्या ओंजळीत ठेवलं. म्हणल्या, “दादा, आमचं बी असंल कुठंतरी. हुडका.” ते मी अजून शोधतोय.

तेव्हापासून एकमेकांशी संबंध नसलेले दोन कागद जुळल्याशिवाय कुणाच्या दारात जात नाही. आणि गेलो तरी पहिल्या भेटीत पदक खिशातून काढत नाही. आधी विचारायचं, आजोबा काय करायचे, कुठे होते, त्यांना सरकारकडून कधी काही मिळालं होतं का. त्यांनी आपणहून सांगितलं आणि ते कागदाशी जुळलं, तरच.

घरच्यांना नको असेल तर तेही ऐकायचं. कुणाचं दुःख त्याला चिकटलेलं असतं, कुणी गरजेपोटी विकलेलं असतं आणि ते शेजाऱ्यांपुढे उघडं पडायला नको असतं. वारसांची नावं, पत्ते, फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकायचे नाहीत. पैशाचं विचारलं तर मोडीच्या भावाची पावती दाखवतो, त्यावर एक पैसा घेत नाही. ज्यांना संग्रह करायचाय त्यांनी जरूर करावा, विकत घ्यावं, द्यावं. पण शंभर वर्षांवरची वस्तू परदेशी धाडायची नाही. 1972च्या पुरावस्तू कायद्यानं तो गुन्हा आहे. 1920च्या आधीची पदकं आता त्यात येतात.

गावातल्या सराफाशी मात्र जरूर बोलून ठेवा. चांदीची पदकं आमच्याकडे येत नाहीत, त्यांच्याकडे जातात आणि आटणीत जातात. मी आमच्या सराफ गल्लीत सांगून ठेवलंय: वजनाचे पैसे मी देतो, आटवायच्या आधी एक फोन करा. वर्षातून दोन-तीन फोन येतात.

दुमडलेला पत्रा

त्या ताम्रपत्राचं घर सापडायला नऊ वर्षं लागली. आडनाव दुमडीत गेलेलं. ‘अमका अमक्याचा’ एवढंच हाती. पोतं ज्या तालुक्यातून आलं तिथल्या स्तंभावर जुळणी झाली नाही. शेजारच्या तालुक्याच्या स्तंभावर झाली, पण तशी दोन नावं होती. एका गावच्या खासरा पत्रकात बाप-लेक दोघांची नावं जुळली, वारसा फेरफारात 1981 साली मयत, मुलगा एक, मुलगी एक. मुलगा भूकंपात गेला होता. मुलगी निलंग्याकडे सासरी. 2002च्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात बसलो तेव्हा त्या साठीच्या होत्या.

त्यांच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, निजामाविरुद्धच्या सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडताना धरलं, गुलबर्ग्याच्या तुरुंगात घातलं, सुटून आले तेव्हा दाढीतले केस पांढरे झाले होते. हे सगळं त्यांनी पत्रा बघायच्या आधी सांगितलं आणि ते माझ्या कागदांशी जुळलं. मग मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी पुढची बाजू पाहिलीच नाही. सरळ उलटा केला आणि ओरखड्यांवरून बोट फिरवत वाचायला लागल्या.

ते ओरखडे नव्हते. अण्णांनी खिळ्यानं घातलेली चार नावं होती. बरोबर तुरुंगात होते, पण ज्यांना ताम्रपत्र मिळालं नाही, त्यांची. दर 17 सप्टेंबरला अण्णा पत्रा पालथा ठेवून पूजा करायचे, म्हणाल्या. मी नऊ वर्षं तो पत्रा भिंतीला पाठ लावून ठेवला होता. त्या नऊ वर्षांत चारांपैकी निदान एक माणूस हयात होता, हे मला नंतर एका फेरफारात दिसलं. तेव्हाच मागची बाजू आडव्या उजेडात बघितली असती तर त्याच्यासमोर बसता आलं असतं.

पत्रा त्या घरी आहे. माझ्याकडे मागच्या बाजूचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा आहे. चारांपैकी तिघांची घरं सापडली. एकाच्या नातवाला ठसा नेऊन दाखवला, त्यानं तो फोटो करून दुकानात लावलाय. चौथ्या नावाला बापाचं नाव नाही, आडनाव नाही. नुसतं नाव आणि पुढे ‘तांडा’. त्या काळी गुलबर्ग्याला धाडलेल्या कैद्यांत कोणकोणत्या तांड्यांवरची माणसं होती, ते बघायला या दिवाळीनंतर पुन्हा तारनाक्याला जाणार आहे. उर्दू मास्तरही येतो म्हणालेत, फक्त खालचा बर्थ मिळाला पाहिजे.